बाच्या रंगाचा देव

बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या बाने एकही देव मानला नाही, पण एक देव तयार मात्र केला. तोही स्वतःच्या हाताने, आमच्याच दारात. ही गोष्ट मी लग्नाकार्यात, बायका भाजी निवडत बसल्या की कितीदा सांगितली असेल. ऐकणाऱ्या हसतात, मीही हसते. पण मधेच एका जागी माझा आवाज जरा बसतो, तेव्हा मी पदराने नाक पुसते आणि म्हणते, कांद्याने झालं. कागदावर कांद्याचं नाव सांगता येत नाही, म्हणून आता सगळंच सांगते.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होत होता. कारखाना म्हणजे काय ते आम्हाला कळत नव्हतं. आम्हाला दिसायचं ते एवढंच, की काल जिथे नुसतं आभाळ होतं तिथे आज लोखंड आहे. दिवसभर ठणाठण, ट्रकांची घरघर, आणि दर पाळीला भोंगा. भोंगा झाला की आमच्या ओळीतल्या बायका चुलीवरचं भांडं उतरवायच्या किंवा चढवायच्या, घड्याळ कोणाकडेच नव्हतं. खुर्सीपारच्या बाजूला तात्पुरत्या खोल्यांच्या ओळी होत्या, वर टिनाचं छप्पर, पुढे तट्ट्याचं कुंपण घातलेलं हातभर अंगण. पक्के क्वार्टर अजून बांधून व्हायचे होते, त्यामुळे जो आधी आला त्याला मिळेल ती खोली. आमच्या एका बाजूला ठोसर काकू, वर्ध्याकडच्या. त्यांचे यजमान ऑफिसात क्लर्क. दुसऱ्या बाजूला सुकवारो, इथलीच, छत्तीसगढी. नवरा-बायको दोघंही मातीकामावर. मधे आम्ही, भंडाऱ्याकडून आलेले. सकाळी एकीकडून फोडणीच्या पोह्यांचा वास, दुसरीकडून रात्रीच्या भाताच्या बासीसोबत कांदा फोडल्याचा वास, आणि आमच्या घरात जवसाची चटणी. मी तेव्हा परकर नेसणारी पोर, कडेवर सतत धाकटा भाऊ. त्याचं नाव गौतम. नव्या धर्माचं पहिलं लेकरू म्हणून बाने मोठ्या हौसेने ठेवलेलं. आम्ही त्याला गोतू म्हणायचो.

गावी असताना बा लोकांच्या घरांना चुना मारायचा. भिंती बाहेरून मारायच्या. आतल्या भिंतींना दुसरा माणूस यायचा, कारण आत पाऊल टाकायची बाला मुभा नव्हती. इथे आल्यावर त्याला रंगाऱ्याचंच काम मिळालं, पण कसं? दोरांना बांधलेल्या फळीवर बसून, उंच लोखंडाच्या खांबांना रंग द्यायचा. लोखंड गंजू नये म्हणून पहिला हात एका शेंदरी रंगाचा देतात, त्याला सगळे रेडलेड म्हणत. वरून मग दुसरे रंग. बा संध्याकाळी अंगणात उभा राहून मला तिकडे बोट दाखवायचा.

"ते उभं लोखंड दिसून राहिलं ना शेवंते, त्याच्यावर पयला हात माहा हाये. मांगून कोणीबी येवो, हिरवा लावो का काळा लावो. पयले मी."

माय आतून म्हणायची, "पयले हात धुवा आन् जेवाले या."

डब्याच्या बुडाशी राहिलेला घट्ट रंग फेकूनच द्यायचा असे. बाने फोरमनला विचारलं, तो म्हणाला, ने. झालं! गावी ज्याला दुसऱ्याच्या घराची आतली भिंत मिळाली नाही, त्याला आता स्वतःचं घर होतं आणि फुकटचा रंग होता. पहिल्यांदा दार रंगलं. मग खिडकीचे गज, मग ट्रंक, मग बसायचे पाट, बादलीची कडी, कंदिलाची दांडी, आणि गोतूचा लाकडी पाळणा तर आतून-बाहेरून दोन हात. मायचं लाटणं वाचलं ते केवळ त्या वेळी तिच्या हातात होतं म्हणून. आमच्याकडे येऊन गेलेल्या पाहुण्याच्या पाठीवर एक शेंदरी पट्टा असायचाच. बाजारात कोणाच्या सदऱ्यावर तो दिसला की लोक म्हणायचे, "रंगाऱ्याच्या घरून येऊन राहिले वाट्टे?"

आता देवाचं. पाण्याचा टँकर आमच्या ओळीत यायचा आणि वळण्यासाठी मागे घेताना दर वेळी आमचं कुंपण पाडून जायचा. बाने त्याच्या ड्रायव्हरला विनवलं, मग शिव्या दिल्या, काही उपयोग नाही. शेवटी मायचा मधोमध फुटलेला पाटा होता, त्याचा मोठा तुकडा बाने कोपऱ्यावर उभा रोवला आणि त्याला रेडलेडचे भरपूर हात दिले. कारखान्यात धोक्याच्या जागी रंग लावत, तशी त्याची समजूत. पहाटे पहिल्या पाळीला बा कामावर गेला. आम्ही उठून पाहतो तर पाट्यावर जास्वंदीचं फूल, पुढे उदबत्ती, आणि ठोसर काकू ओल्या लुगड्याने हात जोडून उभ्या.

बा कामावरून आला तोवर नारळही फुटला होता. तो कुंपणाशी थबकला.

"काकू, हा पाटा हाये," बा म्हणाला. "याच्यावर आमची बायको मिरच्या वाटत होती."

"असू द्या हो," काकू म्हणाल्या. "मारुती कुठूनही प्रकट होतो. मिरच्या वाटल्या म्हणूनच तर इतका जागृत आहे."

"अवो, रंग मी लावला! या हातानं!"

"तुमच्या हातून त्यानं लावून घेतला," काकू म्हणाल्या. 

सुकवारोचा पुरावा तर याहून बळकट होता. "टंकी वाला घलो हाथ जोड़ के घूमिस आज," ती म्हणाली. "देवता नइ होतिस त कइसे रुकतिस, बाबू?" आणि ते खरंच होतं. ज्या ड्रायव्हरने बाच्या शिव्यांना भीक घातली नव्हती, तो आता कोपऱ्यावर आला की गाडी हळू करायचा, कपाळाला हात लावायचा आणि लांबून वळायचा. त्यानंतर बरेच दिवस कुंपण पडलं नाही. शनिवारी काकू पावर हाउस भागातल्या बाजारातून आणलेला शेंदूर तेलात कालवून वरून चोपडायच्या, बायका बत्तासे चिकटवायच्या, कोणी गूळखोबरं ठेवायचं. पाटा दिवसेंदिवस जाड होत चालला.

बाची मात्र पंचाईत झाली. काढावा तर शेजाऱ्यांशी भांडण, तेही नव्या गावात. ठेवावा तर आपल्याच लोकांत तोंड कसं दाखवायचं? गावचे सगळे देव ज्याने नदीला पोचवले त्याच्या दारात मारुती! शेवटी त्याने आम्हाला समोर बसवून हुकूम काढला.

"तिकडं कोणीच पाहाचं नाई. आपल्यासाठी तो पाटा हाये. पाहिलं का मानल्यासारखं होते."

आम्ही बाचं अक्षरशः ऐकलं. मी पाण्याला जाताना मान उजवीकडे फिरवायची, येताना डावीकडे. माय अंगण झाडताना पाट्याच्या आधी हातभर जागा तशीच सोडायची. ती जागा काकू झाडायच्या. हळूहळू अशी सवय झाली की तो कोपरा आमच्या डोळ्यांना दिसेनासाच झाला. आज विचार करते तेव्हा वाटतं, न मानणं सोपं होतं. न पाहणं महागात पडलं.

गोतू तेव्हा नुकता धड धावायला लागला होता. गोल गरगरीत, खायला कधी नाही म्हणायचा नाही. दुधातली भाकर, चून म्हणजे आमचं पिठलं, वांग्याची भाजी, सुकवारोची बासी, जे दिसेल ते. बा पाळी संपवून आला की रंगाने माखलेल्या सदऱ्यानिशीच त्याला उचलायचा, खांद्यावर बसवायचा, आणि हा बसल्याबसल्या बाची कॉलर चोखायचा. पाळण्यात घातला की पाळण्याची कड चावायचा. "दात येऊन राहिले," माय म्हणायची. दात तर केव्हाचेच आले होते.

मग तो खायचा थांबला. आधी आम्हाला नवल वाटलं, मग काळजी. भाकर पुढे केली की तोंड फिरवायचा. पोट धरून रडायचा. शौचाला होईना. आता ओळीतल्या खोल्या अशा, की एकाच्या घरचं सगळ्यांना ठाऊक. सकाळी टँकरपाशी बायका नमस्कार-चमत्काराच्या आधी विचारायच्या, "झालं का?" माय मान हलवायची. मग प्रत्येकीचा एकेक उपाय. एरंडेल झालं, बेंबीवर हिंग झाला, मनुकांचं पाणी झालं. माय दृष्ट काढत नाही म्हणून काकूंनी आपल्या ओट्यावरूनच, कुंपणापलीकडून, मीठमोहऱ्या ओवाळल्या. ठोसर काका ऑफिसातून आले की टोपी काढायच्या आत विचारायचे, "आज काही?" एवढा मोठा कारखाना उभा राहत होता, पण आमच्या ओळीचं लक्ष एका गोष्टीवर.

हे हसण्यासारखं होतं तोवर आम्ही हसलो. पुढे गोतूचा रंग उतरला, ओठ पांढरे पडले. धावणारा पोरगा दोन पावलांत खाली बसू लागला. बा, माय, ताई, पाणी, हे शब्द तो बोलायला शिकला होता, त्यांतला एकेक कमी झाला. एके दिवशी मी त्याला विचारलं, "मी कोण?" तर नुसता पाहत राहिला. माय चुलीपुढे बसली होती. तिने भाकर तव्यावरच जळू दिली.

दवाखान्यात बंगाली डॉक्टरीणबाई होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की रांगेतली सगळी पोरं रडायची थांबत. बा मुद्दाम कामाच्या कपड्यांतच आला होता, कारण त्याला तो सदरा म्हणजे मानाचा वाटे. बाईंनी गोतूचं पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, हिरड्या बघितल्या. मग त्यांची नजर बाच्या नखांवर गेली.

"तुम क्या काम करता है?"

"रंग," बा ताठ होऊन म्हणाला. "सब से पहला हाथ मेरा."

"घर में भी लगाया?"

बाला वाटलं, बाईंनाही हौस दिसते. "दरवाजे को, खिडकी को, पेटी को, बच्चे के झूले को तो दो-दो हाथ—"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या शेंदरी रंगात शिसं असतं. मोठ्या माणसालाही ते वाईटच, पण लहान लेकराच्या पोटात गेलं तर ते रक्तात शिरतं, हाडांत बसतं, डोक्यापर्यंत जातं. गेलं तेवढं गेलं, औषध देऊ, दूध द्या, अंडं द्या, पालेभाजी द्या. पण आता यापुढे एक कणसुद्धा पोटात जाता कामा नये. गेला तर पोरगा बोलणं विसरेल ते विसरेलच. झटके येतील. मायने ते "झटके" ऐकलं आणि गोतूला घट्ट धरलं.  येताना वाटेवर ते उंच लोखंड दिसत होतं, पण बाने तिकडे बोट दाखवलं नाही.

घरी आल्याआल्या बाने खरवडायला घेतलं. दार, गज, पाळणा, ट्रंक, सगळं. मोठा लोखंडी तुकडा घेऊन खर्र खर्र. रागाने घासत होता, रंगावरचा राग की स्वतःवरचा ते त्यालाच माहीत. संध्याकाळपर्यंत लाकूड उघडं पडलं आणि घरभर शेंदरी भुकटी झाली. अंथरुणावर, पिठात, माझ्या केसांत, मायच्या भुवयांवर. सुकवारो दारात येऊन म्हणाली, "अई! होली आगे का?" मायने पाळणा मोडून चुलीत घालायचं ठरवलं होतं, पाणी तरी तापेल म्हणून. त्याआधी ती बाईंना विचारून आली, तेवढं बरं झालं.

"सूखा घिसा?" बाई ओरडल्या म्हणे. "घर के अंदर? और अब जलाओगे भी? धुआँ कौन खाएगा, मैं?"

बाईंनी बजावलं: कोरडं घासायचं नाही, झाडूही मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते पाणी लेकरं खेळतात तिथून दूर टाकायचं. पीठ फेकायचं. जाळायचं काहीच नाही. जेवायच्या आधी लेकराचे हात साबणाने, दर वेळी. आणि बाप कामावरून आला की बाहेरच अंघोळ करून, कपडे बदलून मगच घरात. कामाचे कपडे वेगळे धुवायचे.

यातलं शेवटचं सगळ्यात अवघड निघालं. मायने अंगणात तट्टा बांधून न्हाणी केली. आता दृश्य बघा. भोंगा होतो, बा कुंपणाशी येतो, आजारी गोतू एवढ्यापुरता उठतो आणि हात पसरून त्याच्याकडे निघतो. आणि सहा फुटी बाप, उंच खांबांवर न भिणारा, त्या पिटुकल्यापासून पळतो आहे! कुंपणाच्या बाहेरून, सुकवारोच्या अंगणातून, काकूंच्या तुळशीला वळसा घालून, "शेवंते, धर त्याले! धर ना वो!" करत. मागे गोतू, त्याच्या मागे मी. बाहेर दुसऱ्या पाळीचे लोक सायकली थांबवून बघायचे. "काय गा, पोट्ट्याले भेऊन राहिला?" कोणी ओरडायचं. बा तट्ट्याआडून अंगावर पाणी ओतता ओतता म्हणायचा, "भेतोच! तुमीबी भ्या!" गोतू न्हाणीबाहेर बसून रडायचा. आतून पाण्याचा आवाज येत राहायचा, अंघोळीला लागतं त्याहून पुष्कळ वेळ.

एवढं सगळं करूनही गोतू सुधारेना. बाईंनी पुन्हा तपासलं आणि चष्मा काढला. "अभी भी कहीं से जा रहा है. ढूँढो."

मायने घर पालथं घातलं. भांडी, गोधड्या, खेळण्यातली चिंचोक्यांची पिशवीसुद्धा धुऊन काढली. दुसऱ्या दिवशी ती दारात तांदूळ पाखडत बसली होती, गोतू अंगणात. तो हळूहळू कुंपणाच्या कोपऱ्याकडे गेला. मायने सवयीने तोंड वळवलं. मग तिचं सूप हातातच थांबलं. तिने तोंड परत फिरवलं आणि त्या कोपऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

गोतू पाट्यापुढे मांडी घालून पुजाऱ्यासारखा बसला होता. तेला-शेंदरात चिकटलेला एकेक बत्तासा नखाने सोडवायचा, तोंडात टाकायचा, बोट चाटायचं, मग पुढचा. लाल हनुवटी, लाल हात. घरात सोन्यासारखी भाकर नको म्हणणारा आमचा पोरगा देवाच्या नैवेद्यावर जगत होता, आणि आम्ही तत्त्वाला जागून तिकडे बघत नव्हतो.

माय अशी ओरडली की सगळी ओळ बाहेर आली. बाही तेवढ्यात पाळीवरून येत होता. काय झालं ते कळलं तशी त्याने पहारच घेतली. "आज हा पाटा ठेवत नाई!"

"अहो अहो, देवाला पहार लावता?" ठोसर काकू आपल्या धाकट्या पोराला, बंडूला, काखेत मारून धावत आल्या. बंडू नुकता रांगायला लागला होता. सुकवारोही आडवी आली. बा म्हणे काढणार, बायका म्हणत हात लावू नका. शेवटी काकूंनीच तोड काढली. "तुम्हाला नको ना? मग मी नेते माझ्या घरी. तुळशीपाशी बसवीन. भांडणच नको."

सगळ्यांचे चेहरे उजळले. बाला तर सुटका वाटली. त्याने पहार खाली टाकली, "घ्या, न्या! मी उचलून देतो," म्हणत वाकलासुद्धा.

मायची नजर बंडूवर गेली. बंडू अख्खी मूठ तोंडात कोंबून चोखत होता. माय पुढे आली, ओलं पोतं पाट्यावर टाकलं आणि पाट्याकडे पाठ करून उभी राहिली.

"हा देव मी देत नाई," ती म्हणाली.

 बा वाकलेलाच राहिला. "काय बोलून राहिली तू?"

"देत नाई म्हंजे नाई. माह्या दारचा हाये. माह्याच दारी राहीन."

"पाहा, पाहा!" काकू टाळी वाजवत म्हणाल्या. "म्हणे आम्ही देव सोडले! वेळ आली तर सोडवत नाही!"

तासाभरात ही बातमी ओळीच्या पार गेली. संध्याकाळी आमच्या विहारातले दोघे बुजुर्ग बाला भेटायला आले आणि घसा खाकरून विचारू लागले, "काय गा, वहिनी मारुतीसाठी भांडून राहिल्या म्हणे, खरं का?" बाने डोकं धरलं. माय पाट्यापासून हलली नव्हती. ती काकूंना पुन्हा पुन्हा सांगत होती, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते; रंगात शिसं आहे, आणि बाजारातला शेंदूरही बहुधा त्याच जातीचा असतो म्हणतात; तुमच्या बंडूने चाटला तर तुमच्याकडेही हेच होईल. पण काकूंना ते पटेना.

"शेंदूर काय आज लावतात? माझ्या आजेसासूपासून चालत आलंय. तुमचा धर्म बदलला म्हणून आमचा शेंदूर विषारी का?"

खरी अडचण ही होती. मायने काहीही सांगितलं तरी ते त्या घरात देवाविरुद्धचंच बोलणं ठरणार होतं. माय रडवेली झाली. जन्मात पहिल्यांदा ती खरोखर काकूंचंच भलं बघत होती आणि तेव्हाच काकूंना ते पटत नव्हतं.

तेव्हा बा उठला. अजून अंघोळ झाली नव्हती, म्हणून तो कुंपणाच्या बाहेरच उभा होता, सगळ्यांपासून लांब.

"काकू, देवाचं जाऊ द्या," तो म्हणाला. "देवाचं मले काई समजत नाई. रंगाचं समजते. याच्या बुडाचा रंग माहा हाये. मी आणला, मी लावला. माह्या लेकराच्या पाळण्यालेबी मीच लावला, दोन-दोन हात, चांगला दिसते म्हणून. गावात मले कोणी घरात घेत नव्हतं, म्हणून मी आपलं घर रंगवलं. आन् त्यानं माहा पोट्टा बोलाचा बंद झाला. मले बा म्हणत होता तो. आता नाई म्हणत." त्याचा आवाज तिथे बसला. माझा बसतो तो याच जागी. "तुमी माह्यावर भरोसा ठेवू नका. बंडूची मूठ उघडून पाहा."

काकूंनी बंडूचा हात तोंडातून ओढला, बोटं सोडवली. मुठीत शेंदूर. नखांत शेंदूर. शनिवारच्या तेला-शेंदराची वाटी घरात खालीच ठेवलेली असायची.  पदराचं टोक ओलं करून काकू बंडूची जीभ पुसू लागल्या. मायने पाट्यापाशी उभं राहणं सोडलं आणि साबण आणायला आत धावली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोघी एकाच बाकावर, दोघींच्या मांडीवर दोन पोरं. बंडूच्या पोटात अजून फारसं गेलेलं नव्हतं. बाई दोघींवर मिळून ओरडल्या, त्यामुळे कोणाला वेगळं वाईट वाटलं नाही.

पाटा काढायचा तर होताच. काकू म्हणाल्या, तळ्यात विसर्जन करू. सुकवारोच आडवी आली, "नइ, तरिया म लइका मन नहाथें." तळ्यात पोरं न्हातात, हे तिचंही खरंच होतं. मग बा आणि ठोसर काकांनी वस्तीपासून, विहिरीपासून दूर पडीत जागेत खोल खड्डा खणला. पोत्यात गुंडाळलेला पाटा आत सोडला. काकूंनी हात जोडले. बाने जोडले नाहीत, पण टोपी काढली. ऊन होतं म्हणून काढली, असं तो मरेपर्यंत सांगत होता. काकूंनी आपला घरचा मारुती उंच कोनाड्यात ठेवला आणि त्याला नुसती फुलं वाहू लागल्या. टँकरवाल्याने दुसऱ्या आठवड्यात आमचं कुंपण पाडलं.

बा पुढेही पुष्कळ काळ तेच काम करत राहिला. त्या रंगाने त्याच्या स्वतःच्या हाडांचं काय केलं तो हिशोब वेगळा, इथे नाही मांडत. पण घरात बुरूस परत आला नाही. आता रंगाच्या डब्यावर छापून येतं म्हणे, यात शिसं नाही. माझा नातू ते वाचून दाखवतो. मी तरी म्हणते, पोरांना खोलीबाहेर काढा आणि ओल्या फडक्याने पुसा.

गोतू एका दिवसात बरा झाला नाही. आधी पोट मोकळं झालं, तो दिवस ओळीने सणासारखा साजरा केला. ठोसर काका ऑफिसला उशिरा गेले. मग भूक आली, मग रंग आला. शब्द सगळ्यांत शेवटी आले, एकेक करून, बिचकत. "बा" मात्र येईना. बा विचारायचा नाही, पण आम्ही सगळे वाट बघत होतो.

एका संध्याकाळी भोंगा झाला, बा कुंपणाशी आला आणि पळायच्या तयारीने उभा राहिला. गोतू अंगणात होता. त्याने हात पसरले नाहीत, धावला नाही. कमरेवर हात ठेवून त्याने बाला खालपासून वरपर्यंत बघितलं, न्हाणीकडे बोट केलं आणि मायच्याच आवाजात दम दिला,

"बा! पयले आंग धू!"

बा तिथेच मट्कन बसला. मग उठला, आणि कपड्यांनिशीच न्हाणीत शिरला.